दसऱ्यानंतर हरवलेले हात

माझा स्वभाव संशयी आहे. भाजीवाला वजन करतो तेव्हा मी भाजीकडे बघत नाही, काट्याकडे बघते. रिक्षात बसले की आधी मीटर शून्यावर आहे का ते पाहते. नवरा म्हणतो, तू स्वर्गात गेलीस तरी आत पाऊल टाकण्याआधी तिथल्या नळाला पाणी येतं का ते बघशील. मी त्याला सांगते, आपण स्वर्ग मानत नाही, त्यामुळे तो प्रश्न येणार नाही.

तर अशा बाईच्या घरी एके दिवशी कंपनीकडून एक खोकं आलं आणि त्यात डोळ्यांवर घालायचं यंत्र निघालं.

आमची कंपनी रक्त तपासायची यंत्रं बनवते. छोट्या-मोठ्या गावांतल्या लॅबमध्ये ती बसतात आणि ती चालवणाऱ्या माणसांना शिकवायचं काम माझ्याकडे आहे. वर्षानुवर्षं मी ते हिंजवडीच्या एका हॉलमध्ये केलं. विश्रांतवाडीहून सकाळी कंपनीची बस पकडायची, वाकडच्या पुलावर अडकायचं, पोचेपर्यंत अर्धी दमायचं आणि मग त्या धुडासमोर उभं राहून शिकवायचं. धूड म्हणजे यंत्र. झाकण उघडताना ते एक सुस्कारा टाकायचं. त्याच्याजवळ उभं राहिलं की स्पिरिटचा वास यायचा. मी माणसाच्या तोंडाकडे बघून शिकवत नाही, हातांकडे बघून शिकवते. तोंडाने माणूस "समजलं" म्हणतो आणि हात तिकडे नळी उलटी धरून बसलेला असतो. हात खोटं बोलत नाहीत, अशी माझी इतक्या वर्षांची समजूत होती.

मग शिकवणं घरून सुरू झालं. पडद्यावर सगळ्यांचे चौकोन. त्यातले निम्मे काळे, कारण लोक कॅमेरा बंद ठेवायचे. मी सुई कशी बदलायची ते सांगत असायचे आणि कुणाकडे तरी कुकरची शिट्टी व्हायची. एकदा तर एका चौकोनातून स्पष्ट घोरण्याचा आवाज आला. तो कुणाचा हे आजतागायत कळलेलं नाही, पण माझा एकावर संशय आहे.

आमचा मॅनेजर तरुण मुलगा आहे, सदाशिव पेठेत वाढलेला, पण ऑफिसात मराठी वाक्याला क्रियापद तेवढं मराठी ठेवतो. तो म्हणाला की लर्नर्स एंगेज होत नाहीत, म्हणून आता आपण इमर्सिव्ह क्लासरूम आणतोय. हे यंत्र डोळ्यांवर चढवलं की समोर वर्गच दिसतो, आजूबाजूचं काही दिसत नाही. त्यामुळे माणसाला दुसरं काही करताच येत नाही.

"म्हणजे डोळे बांधायचे," मी म्हणाले.

तो हसला. मी विनोद केलेला नव्हता.

यंत्र दिसायला साधं होतं. पांढरं, मागे पट्टा, आणि पुढच्या बाजूला चार कोपऱ्यांत चार छोटे काळे गोल. ते कॅमेरे आहेत हे मी विचारल्यावर कळलं. घालणाऱ्याची खोली कुठे आहे आणि हात कुठे आहेत हे त्या कॅमेऱ्यांनी बघायचं, म्हणजे वर्गात आपले हात आपल्याला दिसतात. मी विचारलं, हे चित्र जातं कुठे? मॅनेजर म्हणाला, कुठेच नाही, मॅम, डिव्हाइसमध्येच राहतं. कुठेच जात नाही असं कुणी इतक्या लगेच सांगितलं की मला जास्त काळजी वाटते. त्या दिवसापासून काम संपलं की मी त्या यंत्राला उशीचा जुना अभ्रा घालते आणि कपाटात तोंड भिंतीकडे करून ठेवते. नवरा म्हणाला, गुदमरेल बिचारं. त्याला बिचारं म्हणायची माझी तयारी नव्हती.

गणपती उठले आणि नवी बॅच सुरू झाली. मी पहिल्यांदा यंत्र चढवलं तेव्हा एका मोठ्या लाकडी वर्गात उभी होते. खिडकीबाहेर बर्फाचे डोंगर होते. लातूर, जळगाव, चिपळूण, गोंदिया इथली माणसं शिकायला बसणार आणि खिडकीत बर्फ. हळूहळू एकेक विद्यार्थी आला. विद्यार्थी म्हणजे बाहुल्या. सगळ्या कमरेपर्यंतच, खाली काही नाही, नुसत्या हवेत तरंगणाऱ्या. कपडे निवडायची सोय होती, पण त्यात साडी नव्हती, पंजाबी ड्रेस नव्हता. मी निळ्या कोटातली, सडपातळ, पस्तिशीची बाई झाले. नवऱ्याने लॅपटॉपवर ते पाहिलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, हे मी लक्षात ठेवलं आहे.

वर्गाच्या मध्ये आमचं धूड उभं होतं. हुबेहूब. पण वास नाही, सुस्कारा नाही, आणि झाकण उचलायला जोर लागत नाही. जळगावच्या एका मुलाने पहिल्याच दिवशी आख्खा हात यंत्रातून आरपार घातला आणि सगळे हसले. प्रत्येक बाहुलीच्या डोक्यावर एक कडं होतं. लक्ष असेल तर हिरवं, कमी झालं तर पिवळं, गेलं तर लाल. डोळ्यांजवळ आतल्या बाजूला आणखी बारीक कॅमेरे असतात, ते नजर कुठे आहे ते बघतात आणि त्यावरून कडं रंगतं. मला हे अजिबात आवडलं नाही. इतकी वर्षं कुणाचं लक्ष आहे आणि कुणाचं नाही हे ठरवणं माझं काम होतं. ते आता एक कडं ठरवणार होतं आणि माझ्याही डोक्यावर एक कडं होतंच.

पोरं खूश होती, हे मात्र खरं. वर्ग संपला तरी निघेनात. मॅनेजर म्हणाला, बघा, एंगेजमेंट. मी म्हणाले, जत्रेतल्या पाळण्यातूनही कुणी लवकर उतरत नाही.

त्या बॅचमध्ये पुण्यातली अशी एकच होती. धनकवडीच्या पुढे राहणारी, माझ्याहून बरीच लहान, पण बाकीच्या पोरांहून मोठी. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापली ओळख सांगितली तेव्हा ती म्हणाली, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा लग्नाआधी केला होता, मग काम सुटलं, आता परत सुरू करतेय. घरी मी आणि सासूबाई. मिस्टर नाहीत. एवढं सांगून ती थांबली आणि तिच्या बाहुलीने मान खाली घातली. कडं लगेच पिवळं झालं. मान खाली घातली म्हणजे लक्ष नाही, असा त्या कड्याचा हिशोब.

शहरातल्या एका लॅबमध्ये तिला तात्पुरतं घेतलं होतं. प्रशिक्षण नीट पार पडलं तर कायम, नाही तर नाही. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. आणि तिचे हात चांगले होते. त्या हवेतल्या यंत्रावरही ती नळी अशी धरायची, जणू खरंच कुणाचं तरी रक्त त्यात आहे. बाकीची पोरं खेळत होती, ही काम करत होती. मी मनात तिचं नाव वेगळं काढून ठेवलं होतं.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला पांढरी साडी नेसून विहारात जायचं, वंदना घ्यायची, दुपारी नातेवाइकांकडे जेवायचं. तसं सगळं झालं. यंत्र कपाटात अभ्र्यात होतं. सुट्टी संपली, वर्ग भरला, आणि तिला हात नव्हते.

म्हणजे बाहुली होती. डोकं इकडेतिकडे वळत होतं, मी बोलले की मान डोलत होती. पण दोन्ही हात अंगालगत सरळ लटकलेले, आणि ती दाराजवळ उभी होती तिथून हलत नव्हती. मी म्हटलं, पुढे या, झाकण उघडा. ती म्हणाली, मॅडम, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. आवाज एकदम स्वच्छ होता. तिच्या मागे कुणीतरी लसूण ठेचत होतं, तेही मला ऐकू येत होतं. आवाज आणणारं आणि हात अडवणारं नेटवर्क मी पहिल्यांदाच पाहत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मॅडम, रेंज नाही. तिसऱ्या दिवशी, मॅडम, पावसामुळे. धनकवडीला पाऊस पडला असेलही, पण विश्रांतवाडीत माझे कपडे गच्चीवर वाळत होते.

खोटं बोलतेय, हे मला कळलं. का बोलतेय, हे कळेना, आणि तेच मला खायला लागलं. मी नवऱ्याला म्हटलं, दुसरीकडे काम धरलं असेल. नाही तर दुसरंच कुणीतरी डोक्यावर घालून बसत असेल, नुसती मान हलवायला. सासूला बसवत असेल. नवरा म्हणाला, सासूला बसवलं असतं तर ती गप्प राहिली असती का?

दोनच दिवसांत मॅनेजरचा फोन आला. त्याच्या पडद्यावर तिच्या नावापुढे रोज लाल खूण येत होती. कॅमेरे झाकलेले, असं यंत्र सांगत होतं. त्याने मला समजावलं की दुसऱ्या एका शहरातल्या बॅचमध्ये हीच युक्ती निघाली होती. लोक कॅमेऱ्यांना चिकटपट्टी लावायचे, यंत्र कपाळावर सरकवायचे आणि आपापली कामं करायचे, आणि कडं अडकल्यासारखं हिरवंच राहायचं. "मॅम, इट्स क्लिअर," तो म्हणाला. शुक्रवारच्या वर्गात तो स्वतः बसणार होता. हात दिसले नाहीत तर तिचं नाव बॅचमधून काढायचं आणि लॅबला तसं कळवायचं. मग मला म्हणाला, तुम्ही तिला रोज बघता. ती असते की नसते, एवढं मला सांगा.

खरं सांगायचं तर कॅमेरे झाकले असं ऐकल्यावर माझं पहिलं मत असं झालं की बाई माझ्यापेक्षा हुशार आहे. मी नुसता अभ्रा घालत होते. पण तो विचार फार टिकला नाही, कारण मग खोटं कशाला बोलायचं?

मी त्याला लगेच "नसते" म्हणू शकले असते. संशयाला लागणारं सगळं माझ्याजवळ होतं. पण मला एक गोष्ट फार जवळून माहीत आहे. नोकरीला लागले तेव्हा सोबतची माणसं चहा पिता पिता सहज विचारायची, ॲडमिशन कुठून झाली होती हो तुमची? त्या "कुठून"चा अर्थ मला कळायचा. माझ्यासमोर काही बिघडलं की चूक यंत्राची कधीच नसायची. कुणी येऊन नीट बघत नसे. ठरवून टाकत. त्याचा राग माझ्यात अजून आहे आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. म्हणून मी मॅनेजरला म्हटलं, शुक्रवारी सांगते. आणि मनाशी म्हटलं, बघून सांगेन.

गुरुवारचा वर्ग आटोपून मी न कळवता तिच्या घरी निघाले. चांगल्या हेतूने गेले असं म्हणणार नाही. रंगेहाथ पकडायला गेले. निमित्त म्हणून पर्समध्ये माझा जादा चार्जर टाकला. सांगायचं काय, तर तुमचा चार्जर बदलून द्यायचा आहे. विश्रांतवाडीहून स्वारगेट, तिथून कात्रजची बस. बसच्या पुढच्या काचेवर दसऱ्याचा झेंडू अजून लटकत होता, सुकून तपकिरी झालेला. ड्रायव्हरच्या चाकावरही कुंकवाची बोटं होती. मी ते पाहिलं आणि मला त्यातून काही सुचलं नाही. आमच्याकडे ते करत नाहीत, त्यामुळे दुसऱ्यांकडे केलेलं नजरेला दिसतं आणि विसरलं जातं.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, पुढे लांब गॅलरी. गॅलरीत एक म्हातारी गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "कोन पायजे?"

मी कंपनीतून आले, चार्जर बदलायचा आहे, असं सांगितलं. म्हातारी म्हणाली, लाईट न्हाई. गुरुवार होता. सगळ्या पुण्याला माहीत असतं गुरुवारी लाईट जाते ते, आणि मी चार्जर घेऊन आले होते. ज्या निमित्तावर माझी एवढी भिस्त होती, ते दारातच पडलं.

तेवढ्यात ती आतून आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, बाहुलीच पाहिली होती, पण आवाजाने ओळखलं. "मॅडम?" म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. हात पिठाचे होते. तिने ते पदराला पुसले आणि मला आत या म्हणाली. मी गेले आणि आत जाताच माझी नजर शिलाई मशीनवर पडली. सुईखाली अर्धा ब्लाउज होता. मला वाटलं, सापडलं. वर्गाच्या वेळात ही कपडे शिवते.

मी मशीनकडे बघत राहिले. तिच्या चाकावर कुंकवाची बोटं होती आणि एक वाळलेलं झेंडूचं फूल. शेजारी मिक्सर, त्याच्या झाकणावर कुंकू. शेगडीवर कुंकू. आणि वरच्या फळीवर, स्वच्छ धुतलेल्या नॅपकिनची घडी घालून त्यावर आमचं यंत्र ठेवलेलं होतं, तोंड पुढे करून. चार कोपऱ्यांतल्या चार काळ्या गोलांवर चार ठसठशीत बोटं. एकात तांदळाचा दाणा अजून चिकटलेला होता.

कुंकू ओलं कालवून लावलं होतं आणि आता ते घट्ट वाळलं होतं. मला हसू आलं, आणि ते तोंडापर्यंत यायच्या आत लाज वाटली.

"हे तुम्ही लावलं?" मी विचारलं.

ती म्हणाली की सासूबाईंनी सांगितलं, खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करतो तशी याचीही करायची. यंदा तूच कर, तुझं हत्यार आहे. त्या चार खळग्या बघून तिला वाटलं, बरं झालं, लावायला जागाच आहे. ते कॅमेरे आहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खोक्यातल्या कागदावर असेल, पण तो इंग्रजीत, बारीक टायपात होता. मीही वर्गात कधी सांगितलं नव्हतं. मी विचारून घेतलं होतं आणि अभ्रा घालून स्वतःपुरतं मिटवलं होतं.

सुट्टीनंतर यंत्र घातलं तर हात गेलेले. डोळ्यांपुढे इंग्रजीत काहीतरी यायचं, ती बटण दाबून ते घालवायची. तिला वाटलं आपल्या हातून मोडलं. मोडलं असं सांगितलं तर परत मागवतील, यंत्र गेलं तर वर्ग गेला आणि वर्ग गेला तर लॅब गेली. म्हणून नेटवर्क, रेंज, पाऊस. हे सगळं तिने खाली बघत सांगितलं. शिलाईचं मी विचारलं नाही, पण ती आपणहून म्हणाली की ते सासूबाईंचं आहे, त्या पूर्वीपासून शिवतात.

मी म्हटलं, काही मोडलेलं नाही. एवढं पुसलं की झालं. आणि पर्समधून चष्म्याचा फडका काढून तिच्यापुढे धरला.

तिने यंत्र फळीवरून खाली घेतलं, मांडीवर ठेवलं, फडका हातात घेतला. आणि थांबली. पुसायला गेलेलं बोट तसंच राहिलं. मला आधी कळलंच नाही. मग तिच्या कपाळाकडे लक्ष गेलं. तिथे काहीच नव्हतं. माझ्या कपाळावर टिकली असते, ती शोभेची, साडीवर बघून लावलेली. मी ती रात्री आरशावर चिकटवते आणि सकाळी काढून लावते. तिचं तसं नव्हतं.

म्हातारी दारात येऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमच्याकडं दसऱ्याला न्हाई का करत?"

मी म्हणाले, "नाही. आम्ही विहारात जातो."

यानंतर एक छोटासा थांबा येतो. मला तो आयुष्यभर ओळखीचा आहे. काही घरांत त्या थांब्यानंतर चहाचा कप बदलतो, काही घरांत नुसता आवाज बदलतो. मी पर्स जवळ ओढली.

म्हातारी म्हणाली, "मग तुमीच पुसा. तुमच्यात त्याचं काय न्हाई."

"तुमच्यात" हा शब्द मी किती तोंडांतून आणि किती तऱ्हांनी ऐकला आहे. माझं डोकं तापलं. उठून जावं असं वाटलं. सून घाईने म्हणाली, आई, असं नका ना बोलू. पण म्हातारी माझ्याकडे बघतच नव्हती. सुनेच्या हातातल्या फडक्याकडे बघत होती.

"वाईट न्हाई बोलले मी," ती म्हणाली. "तिच्या हातानं नको, आन् माझ्यानं व्हायचं न्हाई. तिचं मीच पुसलंय एकदा."

एवढं बोलून ती गॅलरीत गेली आणि आमच्याकडे पाठ करून शेंगा मोडायला बसली.

मी फडका घेतला. गॅलरीतल्या हंड्यातलं थोडं पाणी लावलं आणि एकेक गोल पुसला. कुंकू सहज निघत नव्हतं. कडेला बसलेलं नखाने काढावं लागलं. माझा कुंकवावर विश्वास नाही. माझ्या आजोबांनी ते सगळं सोडलं तेव्हापासून आमच्या घरात तो विषय संपलेला आहे. तरीही पुसताना मी तिच्याकडे पाठ केली होती, आणि का ते मला तेव्हाही माहीत होतं. शेवटी तांदळाचा दाणा निघाला. तो कुठे टाकायचा हे कळेना, म्हणून मी तिच्या तळहातावर ठेवला. तिने मूठ मिटली.

यंत्र चालू करून बघावं तर त्यात चार्ज नव्हता आणि लाईट संध्याकाळशिवाय येणार नव्हती. म्हातारीने चहा केला, स्वतः घेतला तशाच पितळी कपात मला दिला, आणि मी कप बघून घेतला हेही तिने पाहिलं असणार. मी निघताना म्हातारी कुंकवाची डबी घ्यायला वळली, मग थांबली, आणि त्याऐवजी मोडलेली गवार पिशवीत घालून दिली.

बसमध्ये माझा स्वभाव परत जागेवर आला. खरंच तेवढंच कारण असेल का? की वाळलेल्या कुंकवाने काचेवर ओरखडा पडला असेल? आणि बाई खोटं बोललीच होती ना, नेटवर्क म्हणून? जी भीतीने खोटं बोलते, ती उद्या लॅबमध्ये नळी चुकली तर सांगेल का? हा प्रश्न खोटा नव्हता आणि अजूनही नाही. मी मॅनेजरला काही कळवलं नाही. रात्री नवऱ्याला गवारीची भाजी वाढली आणि सगळं सांगितलं. त्याने कुणाचीच बाजू घेतली नाही. म्हणाला, उद्या बघ.

शुक्रवारी मी अभ्रा काढला आणि वर्गात गेले. बर्फाचे डोंगर होतेच. मागच्या भिंतीशी मॅनेजरची बाहुली उभी होती, करड्या कोटातली. पोरं आली. ती आली. दाराशी उभी राहिली, दोन्ही हात अंगालगत, सरळ लटकलेले.

मॅनेजरची बाहुली किंचित पुढे सरकली. मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाले, पुढे या, आज यंत्र तुम्ही उघडायचं आहे.

ती चालत आली. दारापासून यंत्रापर्यंत, मधली सगळी बाकं चुकवत. यंत्रासमोर थांबली आणि तिचे हात वर आले. दोन्ही. दहाही बोटं दिसत होती. मला वाटलं आता ती झाकणाला हात घालेल.

तिने घातला नाही. उजव्या हाताची बोटं तिने त्या यंत्राला टेकवली, जे तिथे नव्हतंच, आणि मग ती बोटं स्वतःच्या कपाळाला लावली. डोळे मिटले असणार, कारण डोक्यावरचं कडं हिरव्याचं पिवळं झालं आणि मग लाल झालं. लक्ष नाही, असं ते कडं सगळ्या वर्गाला सांगत होतं. कुणी हसलं नाही. मॅनेजरची बाहुली जिथे होती तिथे थांबली आणि मागून त्याचा आवाज आला, पहिल्यांदाच सरळ घरच्या मराठीतला.

"दसऱ्याला आमच्या आईने माझ्या लॅपटॉपलाही कुंकू लावलं होतं," तो म्हणाला. "ती असते, मॅम. दिसलं मला."

मी तिचा हात कपाळावरून खाली येईपर्यंत थांबले.

मग म्हणाले, "आता झाकण उघडा."